गळाला बांधलेलं वजन

गळ टाकून मासे धरण्याची गोष्ट निघाली की आपल्याला काठी आठवते, गळ आठवतो, गांडूळ आठवतं. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. ती म्हणजे गळाच्या वर दोरीला बांधलेलं वजन. शिशाची एक गोळी, हरभऱ्याएवढी, फार तर बोराच्या बीएवढी. आमिष माशाला बोलावतं, गळ त्याला धरतो. पण गळाला माशाच्या घरापर्यंत पोचवतं ते हे वजन. आणि दोरी तुटली की पाण्याच्या तळाशी कायमचं राहतं तेही हेच.

मी कवितेच्या धंद्यातला माणूस. गझल लिहिणाऱ्यांमध्ये 'वजन' हा रोजचा शब्द आहे. शेराची ओळ वृत्तात बसली की नाही हे पाहताना उर्दूवाले विचारतात, 'मिसरा वजनात आहे का?' सगळा लघु-गुरूंचा हिशेब. एक मात्रा जास्त झाली की ओळ अडखळते, एक कमी पडली की अधांतरी राहते. सणसरला कालव्याच्या पुलाजवळ गळ टाकून बसलेल्या एका वयस्कर भोई गृहस्थांच्या तोंडी हाच शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. शेजारच्या पोराला ते म्हणत होते, "वजन कमी पडतंय तुझं. गळ वरच्या वर वाहतोय." मी जवळ जाऊन बसलो. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते मला म्हणाले, "भाई, पाणी बघून वजन लावायचं आणि मासा बघून गळ." माझ्या दृष्टीनं हा अख्ख्या शास्त्राचा सारांश आहे.

सणसर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या पुढे हे गाव लागतं. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण घेते आणि सणसरला मुक्कामाला येते. चहूकडे ऊस, जवळच भवानीनगरचा साखर कारखाना, आणि या सगळ्याचा प्राण म्हणजे नीरा डावा कालवा. १८८० च्या दशकात इंग्रजांच्या अमलात हा कालवा वाहू लागला आणि दुष्काळी माळाचं बागायत झालं. कालव्याला पाणी बारमाही नसतं. ते आवर्तनानं येतं. आवर्तन सुटलं की पाणी काठोकाठ, वेगानं पळतं. बंद झालं की पुलांखाली, मोऱ्यांच्या तोंडाशी डबकी उरतात. धरणातून, नदीतून वाहत आलेले मासे त्या डबक्यांत अडकतात. गळवाल्यांचे हे दोन हंगाम. पळत्या पाण्याचा एक आणि साचल्या पाण्याचा दुसरा. दोन्हीकडे वजन वेगळं.

पळत्या पाण्याचा एक गुण असा, की ते वर जितकं वेगानं जातं तितकं तळाशी जात नाही. तळाला दगड, माती, शेवाळ यांच्याशी घासून त्याचा वेग मंदावतो. मासा शक्ती वाचवायला त्या मंद पाण्यात, एखाद्या दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला उभा राहतो आणि समोरून वाहत येईल ते टिपतो. हलका गळ त्याच्या डोक्यावरून वेगळ्याच वेगानं निघून जातो. वजन लावलं की गळ वरचं पाणी ओलांडून खालच्या संथ थरात शिरतो आणि तिथल्या पाण्याच्याच चालीनं चालू लागतो. वजन जास्त झालं तर मात्र तो तळाला जाऊन बसतो, दगडात किंवा झाडाच्या मुळीत अडकतो. म्हणजे अडखळणं आणि अधांतरी राहणं, दोन्ही दोष इथंही आहेतच.

आबांची बांधणी मी पाहिली आहे, ती अशी. काठी वेळूची. दोरी म्हणजे तंगूस. तंगूसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचं, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फाशातून बाहेर काढायचं. आवळण्याआधी गाठीला थुंकी लावायची, कारण कोरडी तंगूस घासली की तापते आणि नेमकी गाठीपाशी कमजोर होते. गळापासून वीतभर वर शिशाची पट्टी दोरीला गुंडाळायची किंवा चीर दिलेली गोळी दाबून बसवायची. त्याच्या वर, पाण्याच्या खोलीइतक्या अंतरावर, ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधायचा. तो पाण्यावर उभा तरंगला तर वजन बरोबर. आडवा पडला तर कमी. बुडाला तर जास्त. तळाशी अन्न शोधणाऱ्या मोठ्या माशासाठी आबा भोक असलेली गोळी वापरतात. ती दोरीवर मोकळी सरकते आणि खालच्या गाठीला अडते. माशानं आमिष तोंडात धरून ओढलं की दोरी गोळीतून सरकत जाते, गोळी जागेवर राहते. माशाला वजन कळत नाही. "कळलं की थुंकून टाकतो," आबा म्हणतात. ओळीतलं वजन वाचणाऱ्याला कळलं तर तोही तेच करतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मासा बघून गळ म्हणजे काय? शेततळ्यात मासे सोडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, की कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. शिंगाळा आणि वांब हे तळाचे, तेही रात्रीचे. उजनीच्या फुगवट्यावरून भिगवणच्या बाजारात ढिगानं येणारी चिलापी कणकेच्या गोळीलाही येते. या चिलापीचे आफ्रिकी पूर्वज १९५२ मध्ये भारतात आणले गेले. आपल्या नद्यांचे जुने रहिवासी मात्र बरेचसे तळाचे आहेत. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर जो निबंध लिहिला, तो १८३९ चा म्हणून ओळखला जातो. मुळा-मुठा, भीमा अशा नद्यांतले मासे त्यानं पाहिले आणि त्यांना लॅटिन नावं देताना लोकांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून आज जगभरच्या शास्त्रज्ञांच्या लेखी आपला शिंगाळा 'स्पेराटा सिंघाला' आहे आणि महसीर 'टॉर खुदरी' आहे. नाकाजवळ खाच असलेला, तळाशी चरणारा आपला नकटा 'नुक्ता' म्हणून नोंदला गेला. भोयांच्या, कोळ्यांच्या तोंडची मराठी अशी लॅटिनच्या पोशाखात फिरते आहे. एखादा शब्द इतका दूर जाऊन तगला याचा मला, शब्दांवर जगणाऱ्या माणसाला, फार आनंद होतो. फक्त शब्द तगले तसे मासेही तगायला हवेत.

गळाचा हा अभ्यास आपल्याकडे आजचा नाही. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याचे गळ मिळाले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं वेळ कसा रमवावा याचे त्यात नाना प्रकार आहेत आणि त्यातला एक आहे मत्स्यविनोद. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, कोण कुठल्या पाण्यात राहतो, कुणाला काय चारायचं, दोरी आणि गळ कसा असावा, असा सगळा तपशील राजेसाहेबांनी दिला आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं. मराठी माणसाला हा ग्रंथ आणखी एका कारणानं जवळचा आहे. त्याच्या गायनाच्या भागात मराठी गीताचा एक अगदी जुना नमुना आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंदही आहे. गळाची दोरी आणि ओवीची ओळ एकाच ग्रंथात शेजारी राहतात, हे मला कधी कधी मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटतं.

या वजनाचं सर्वांत नाजूक काम मात्र थंड डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउट माशासाठी झालं. ट्राउट आपल्या सह्याद्रीत नाही. त्याला बारा महिने गार, खळाळतं, हवेनं भरलेलं पाणी लागतं, आणि आपले ओढे उन्हाळ्यात आटतात. इंग्रजांनी एकोणिसावं शतक संपता संपता तो काश्मीरमध्ये आणला, पुढं निलगिरीतही रुजवला. हिमाचलातही तो आहे. ट्राउट मुख्यतः किडे खातो. मेफ्लायसारख्या माश्यांची पिल्लं महिनोन् महिने, कधी वर्षभरही, पाण्याखाली दगडांना चिकटून वाढतात. पंख फुटून वर आली की एखाद-दोन दिवसांत त्यांचं आयुष्य संपतं. या पाण्यातल्या पिल्लाला इंग्रजीत निम्फ म्हणतात. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं. तरी इंग्लंडमध्ये एके काळी अशी रीत पडली होती, की पिसांची बनवलेली खोटी माशी पाण्यावर तरंगत सोडायची, तीच खानदानी मासेमारी. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलानं १९१० च्या आपल्या पुस्तकात पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. तो वाद इतका चिघळला, की १९३८ मध्ये लंडनच्या क्लबात त्यावर रीतसर वादसभा भरली. छंदोबद्ध कविता की मुक्तछंद, यावर आपल्याकडे जे घडलं त्याचीच आठवण यावी.

या वादाला हातानं उत्तर दिलं ते फ्रँक सॉयर या माणसानं. विल्टशरमधल्या एव्हन नदीवर तो राखणदार होता. नदीतलं गवत काढणं, गाळ काढणं, मासे राखणं हे त्याचं काम. निम्फ पोहताना पाय अंगाशी घेतं हे त्यानं पाण्यात पाहिलं होतं, म्हणून आपल्या माशीला त्यानं पाय लावलेच नाहीत. त्यानं दोराही वापरला नाही. केसासारखी बारीक तांब्याची तार घेतली आणि ती गळाच्या दांड्यावर गुंडाळली, छातीच्या जागी जास्त वेढे देऊन उंचवटा केला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातले चार तंतू घेऊन त्यांची टोकं मागं शेपटीसारखी सोडली, उरलेले तंतू तारेबरोबर पिळून पुढपर्यंत गुंडाळत नेले आणि उंचवट्यावर पुढं-मागं दुमडून तारेनंच बंद केले. झाली माशी. १९५८ मध्ये त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं आणि ही बांधणी जगभर पसरली. एकच तार तीन कामं करते. बांधते, वजन देते आणि पिसांमधून किंचित चमकते. वजन बाहेर लटकत नाही, ते अंगातच असतं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शिसं नाही म्हणता त्यात?" मी म्हटलं, नाही. "मग बरंय."

आबांनी तसं का विचारलं, त्याकडे आता येतो.

कालव्याचं आवर्तन बंद होऊन पाणी उतरलं की पुलाखालचा तळ उघडा पडतो. तिथं गाळात तुटलेल्या तंगुसाची भेंडोळी दिसतात, आणि त्यांच्यासोबत शिशाच्या गोळ्या, पट्ट्या, फेकजाळ्याची मणीवजा वजनं. गळ गंजून जातो. गांडूळ तर पहिल्या दिवशीच जातं. शिसं मात्र तसंच राहतं. एका गोळीनं कालवा विषारी होत नाही, हे खरं आहे आणि उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण पाणपक्ष्यांची एक सवय असते. त्यांना दात नाहीत, म्हणून ते बारीक खडे गिळतात. ते खडे पोटातल्या जाड पिशवीत जात्यासारखं दाणे भरडतात. खड्यांबरोबर शिशाची गोळी गेली की तीही भरडली जाते, रक्तात उतरते, मान टाकून पक्षी मरतो. इंग्लंडमध्ये टेम्स नदीवर हंस असे मरू लागले, तेव्हा मासेमारीतल्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ मध्ये बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. आपल्यापासून जवळच, भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे हंस येतात, बदकं येतात. खडे गिळण्याची सवय याही बदकांना आणि हंसांना आहे.

पक्ष्यांची काळजी हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं कुणाला वाटत असेल, तर माणसांकडे या. चीर दिलेली गोळी दोरीवर बसवायला पकड कोण शोधतं? पोरं ती दातानं दाबतात. फुटक्या बॅटरीतलं शिसं जुन्या डब्यात घालून चुलीवर वितळवतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, चुलीला ते अवघड नाही. तो धूर, ती काजळी घरातच राहते, आणि त्याच चुलीवर नंतर भाकरी होते. शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं, आणि त्याचं इतकं प्रमाण चालेल अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणानं आपल्या देशातल्या पेट्रोलमधून शिसं २००० पर्यंत काढून टाकलं गेलं. पेट्रोलमधून काढलं आणि पोरांच्या दातांखाली राहू दिलं, हा हिशेब काही जुळत नाही.

उपाय अवघड नाही, फक्त वजनाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. शिसं पाण्याच्या सुमारे सव्वाअकरा पट जड आहे, लोखंड पावणेआठ-आठ पट, तांबं नऊच्या आसपास, साधा काळा दगड पावणेतीन-तीन पट. म्हणजे तेवढंच वजन हवं तर लोखंड थोडं मोठं घ्यावं लागेल. आणि पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराइतक्या पाण्याचा आधार घेते, म्हणून वजनकाट्यावर सारखं भरलेलं लोखंड पाण्यात शिशापेक्षा किंचित हलकंच पडतं. परदेशातले ट्राउटवाले आता टंगस्टन धातूचे मणी वापरतात. तो शिशाहूनही जड, एकोणीस पटींच्या वर, पण महाग. आपल्याला त्याची गरज नाही. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचं वर्कशॉप नाही असं गाव आहे का? तिथं खराब झालेले नट आणि वायसर पत्र्याच्या डब्यात पडलेले असतात. नटाला भोक आयतंच असतं. दोरी ओवा, खाली गाठ मारा, सरकणारं वजन तयार. काठ धारदार असेल तर कानशीनं घासा, नाहीतर तंगूस कापली जाते. हलकं वजन हवं असेल तर जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार दांड्यावर गुंडाळा, सॉयरसाहेबांसारखी. साचल्या पाण्यात चिलापीला तर बऱ्याचदा गळाचं स्वतःचं वजनच पुरतं. नट तुटून पाण्यात राहिला तरी गंजून मातीत मिसळतो.

आबांनी नट लावून पाहिले. त्यांची पहिली तक्रार अशी, की नट पळत्या पाण्यात गडगडतो आणि गळ जागेवर राहत नाही. मग त्यांनीच तोड काढली. एकाऐवजी दोन चपटे वायसर एकावर एक ओवले. चपटी वस्तू तळाला धरून राहते. आठवडाभरात त्यांनी तीन निरनिराळ्या पाण्यांसाठी तीन मापं ठरवली आणि सुतळीत ओवून खिशात ठेवली. माझ्यासारख्या माणसानं दहा व्याख्यानं दिली असती तरी इतकं झालं नसतं. कारागिराला काय नको हे नीट सांगितलं, की काय हवं ते तो स्वतः शोधतो.

शेवटी एकच विनंती. आवर्तन बंद असताना, कालव्याचा तळ उघडा असताना, गावातल्या गळवाल्यांनी एक रविवार सकाळचे दोन तास द्यावेत. हे काम मोठ्यांनी करावं, पोरांना लावू नये, आणि नंतर हात साबणानं धुवावेत. पुलाखालचं, मोरीपाशी साचलेलं शिसं डब्यात गोळा करावं. तंगुसाची भेंडोळीही उचलावीत, त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. शिसं भंगारात विकलं जातं, भावही लोखंडापेक्षा बरा येतो. त्या पैशात सगळ्यांचे नवे गळ येतील आणि वर चहाही होईल. मात्र हे पुढचं पाणी सुटण्याच्या आत व्हायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)